पहिली हळद

डिसेंबर १९८८, रविवार दुपार, धरणगावजवळचा आमचा मळा. हजर: वाचनालयाचे नाना, शेजारच्या अक्का, मी आणि पाचसहा वाचक मंडळी. आज वांगी भाजताना धूर डोळ्यांत गेला आणि ही हजेरी जशीच्या तशी आठवली.

तेव्हाही तुरकाठ्यांच्या जाळावर भरताची वांगी तडतडत होती आणि मी माझी नवी गोष्ट वाचत होते. तिच्यातली विधवा आई लेकीच्या हळदीला मांडवाबाहेरच उभी राहते.

"छान! समाजाचा आरसाच! आहे तसा उतरवलास," नाना म्हणाले.

अक्का स्वतः विधवा, आणि त्यांच्या मुलीचं लग्न आठवड्यावर आलेलं. वांगं सोलता सोलता त्या म्हणाल्या, "नाना, आरसा तं घरमा शे. मंग गोष्ट कसाले पाहिजे? पोरी, त्या मायले मांडवमा ली ये."

मी तिथंच शेवट बदलून मोठ्यानं वाचला: पहिली हळद आईनंच लावली.

अक्का ताडकन उठल्या. "मंग मी बी लावसू. पह्यली!"

आणि लेकीच्या हळदीला लावलीच, नानांसकट अख्ख्या गावासमोर, कोपरापर्यंत पिवळ्या हातांनी. तेव्हा मला वाटलं, माझी गोष्ट जिंकली. आज दिसतात ते फक्त अक्कांचे हात.

मी मांडवातून निघताना नानांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या मला म्हणाल्या, "आते पुढली गोष्टमा त्या मायले नवरा देख!"

ती गोष्ट लिहायची अजून राहिली आहे.