कानपिळीला मागितलेला चेहरा

“दादा, कॅमेरा आपोआप पकडतो.”

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात फोटोग्राफर मला हे म्हणाला. तेव्हापासून ‘आपोआप’ हा शब्द कुणी तोंडातून काढला की माझं डोकं फिरतं. केस आपोआप पिकतात, हे मान्य. बाकी बहुतेक गोष्टींच्या मागं कुणाचा तरी हात असतो, आणि तो हात लपवायचा असला की माणूस हा शब्द वापरतो.

मी स्वतः फोटोग्राफर आहे. शहरात टीव्ही सेंटर म्हणतात त्या भागात माझा छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्ट, ओळखपत्रं, काळा गाऊन घालून डिग्रीचे फोटो, असं काम. आमचं गाव फुलंब्रीच्या पलीकडं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. हे मी कुठंही सांगतो, कुणी विचारलं नाही तरी सांगतो. ज्यांना ही फुशारकी वाटते, त्यांच्या घरात आजोबांपासून पदव्या असतात.

कॉलेज करता करता गुलमंडीवरच्या एका स्टुडिओत काम शिकलो. तिथले उस्ताद सांगायचे, “आँख पकडो मियाँ, बाकी सब कपडा है.” तेव्हा डोळा हातानं पकडावा लागायचा. भिंगाची कडी फिरवत पापणीचा केस न् केस उमटेपर्यंत श्वास धरून उभं राहायचं. आता ते काम कॅमेरा करतो. माणूस समोर आला की त्याच्या बुबुळावर एक छोटा चौकोन येऊन बसतो. माणूस मान हलवो, चालायला लागो, चौकोन सोडत नाही. मी तो रोज वापरतो आणि मला त्याचं कौतुक आहे. माझं भांडण चौकोनाशी नाही.

भांडण आहे ते त्यापुढच्या सोयीशी. नव्या कॅमेऱ्यांना ठरावीक चेहरे आधी शिकवून ठेवता येतात. मग समोर कितीही गर्दी असो, कॅमेरा आधी ओळखीचा चेहरा शोधतो आणि त्याच्याच डोळ्यावर बसतो. पोर्ट्रेटचं भिंग लावलेलं असलं तर त्या डोळ्याच्या हातभर पुढं-मागं उभा असलेला माणूस पुसल्यासारखा निघतो.

आता आईचं सांगतो. जगाचे फोटो काढणाऱ्या माणसाच्या आईचा एकही धड फोटो नव्हता. तिच्या स्वतःच्या लग्नातल्या फोटोत मान खाली. आधार कार्डावर ती आहे हे आधार कार्डवाले म्हणतात म्हणून मानायचं. स्टुडिओत बसवायला गेलो की म्हणायची, “या अवतारात? पोरीच्या लग्नात काढ. त्या दिवशी अंगावर चांगलं लुगडं असंल.” बरीच वर्षं मी त्या दिवसाची वाट बघितली.

लग्न ठरलं तसं फोटोंचं काम नवरदेवाकडच्यांनी आपल्याकडं घेतलं. म्हणजे नवरदेवाच्या चुलत्यांनी. रस्त्यांची कंत्राटं, पांढरे कपडे, मागं-पुढं माणसं. सगळे त्यांना साहेब म्हणायचे, सख्खा पुतण्यासुद्धा. फोटोग्राफर त्यांचा नेहमीचा. त्याची अट अशी की स्टेजवर दुसरा कॅमेरा दिसायला नको. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनंच मला गप्प केलं. “तू भाऊ म्हणून उभा राहा. एक दिवस गळ्यात तो पट्टा नको.” राहिलो भाऊ म्हणून उभा.

बीड बायपासचं लॉन. सकाळी हळदीच्या आधी बघतो तर फोटोग्राफर एकेकाला भिंतीपाशी उभं करून चेहरे शिकवत होता. साहेबांचं चाललं होतं.

“साहेब, गॉगल काढावा लागंल.”

“गॉगल माझी ओळख आहे.”

“कॅमेऱ्याला नाय कळत साहेब ती.”

सगळे हसले. साहेबांनी उपकार केल्यासारखा गॉगल काढला. मला बरं वाटलं, म्हटलं माणूस काम नीट करतोय. जवळ जाऊन सांगितलं, “आमच्या आईलाही घ्या यात.”

“आठच बसतात दादा. भरले.”

“कोण कोण?”

“नवरा-नवरी, नवरदेवाचे आईवडील, साहेब, मॅडम, साहेबांची दोन्ही पोरं.”

“साहेबांची पोरं काय लग्न लावणार आहेत व्हय?”

तो हसला. खांद्यावर हात ठेवून समजूत काढल्यासारखा म्हणाला, “दादा, कॅमेरा आपोआप पकडतो. गर्दीतला कोणता पण डोळा पकडतो.”

गर्दीतला. नवरीची आई म्हणजे गर्दी. मी काही बोलणार तोच पाठीमागून आईनं माझा सदरा ओढला. तिनं सगळं ऐकलं होतं. “लग्न होऊ दे. तमाशा करू नको.” वडील फेटा सांभाळत बाजूला उभे. त्यांनी नुसती मान हलवली, म्हणजे तेच. मुलीकडच्यांनी त्या दिवशी आवाज चढवायचा नसतो, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. गिळलं.

कन्यादानाला मात्र गिळलेलं वर आलं. मंडपाच्या बाजूला मोठा एलईडी पडदा होता आणि कॅमेऱ्यातलं चित्र थेट त्यावर जात होतं. फोटोग्राफर इतका घाईत की कॅमेऱ्यातल्या खुणा बंद करायच्याही राहिल्या. तो चौकोनसुद्धा पडद्यावर दिसत होता. वडलांनी ओंजळ पुढं केली, आई तांब्यातून पाणी सोडत होती. धार कुठं मोडली नाही. आणि पडद्यावर? पडद्यावर नवरदेवाच्या मागं उभं राहून फोनवर बोलणारे साहेब! नवरा-नवरीच्या माना खाली, तोंडावर मुंडावळ्या, म्हणून साहेबांच्या डाव्या डोळ्यावर चौकोन, भुवईचा केस न् केस स्पष्ट. त्यांच्या पुढं मोरपंखी रंगाचा एक डाग हलत होता. ती माझी आई. तिनं महिनाभर निवडलेलं लुगडं.

जेवायला बसलेली माणसं तो पडदा बघत होती. कुणाला काही वावगं वाटलं नाही, याचाच मला जास्त संताप आला.

फोटोग्राफरला गाठलं. म्हटलं, “शिकवलेल्या चेहऱ्यांच्या नोंदी बंद कर. एक बटण आहे, मला माहिती आहे कुठं आहे. नाहीतर छोटा चौकोन घे आणि हातानं आईवर ठेव.”

“साहेबांना विचारा. ऑर्डर त्यांची आहे.”

साहेब जवळच होते. माझं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाही. आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मेव्हणे लई शिकलेले दिसतात. फोटोत पण दोष काढायलेत.” माणसं हसली. पदवीवरून कुणी हसलं की मला रडू येत नाही, हात शिवशिवतात. पण हात वापरायची वेळ नव्हती.

आणि लगेचच ती आली. लाजाहोमाला आमच्याकडं कानपिळी असते. नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट वागव असं बजावतो, आणि नवरदेव त्याचा मान देतो. कपडे, अंगठी, जे मागंल ते. भटजींनी मला पुढं बोलावलं. मी लाह्या दिल्या आणि दाजींचा कान धरला.

चहूबाजूंनी सुरू झालं. “मेव्हणे, अंगठीच्या खाली उतरू नका!” “अहो फोर व्हीलर मागा, साहेब देतील!” “जोरात पिळा, आत्ताच संधी आहे!”

दाजी हसत होते. “सांगा मेव्हणे, काय पाहिजे?”

“त्या कॅमेऱ्यात माझ्या आईचा चेहरा पाहिजे,” मी म्हणालो. “शिकवलेल्या आठांमध्ये. आत्ता. पाठवणीच्या आधी.”

दाजींना वाटलं गंमत आहे. माझा हात ढिला झाला नाही तेव्हा कळलं. साहेब उठले. “हे काय मागणं झालं का? तोळ्यानं मागा, देतो. पोरखेळ लावलाय.”

“तुम्हाला नाही मागितलं,” मी म्हणालो. “ज्याचा कान आहे त्याला मागितलं.”

दाजींनी चुलत्यांकडं बघितलं. ते बघणं मी विसरलेलो नाही. भटजी घड्याळ बघत होते. तेवढ्यात बहीण, सकाळपासून मान खाली घालून बसलेली माझी बहीण, मान वर न करताच म्हणाली, “द्या ना. मान आहे त्याचा.”

दाजींनी फोटोग्राफरला हाक मारली. “माझा काढ अन् आईंचा टाक. माझे काय, हजार निघाले असतील.”

माणूस चांगला आहे, आजही म्हणतो. पण साहेबांच्या पोरांपैकी एकाचा चेहरा काढ, असं म्हणायची त्याची छाती झाली नाही. स्वतःचाच काढला. मी कान सोडला. लाल झाला होता.

फोटोग्राफर धुसफुसत आईपुढं आला. आईचा पदर कपाळापर्यंत. व्याही, विहीण, सगळं गणगोत समोर. कॅमेरा काही तिला घेईना. चेहरा नीट दिसत नाही, अशी सूचना येई आणि परत पहिल्यापासून.

“आजी, पदर जरा मागं घ्या.”

“आजी कुणाला म्हणतो रे?” आई म्हणाली. मग दात आवळून, माझ्याकडं बघत, “तुला कुणी सांगितलं व्हतं हे? लोकं बघायलेत.”

“बघू दे. आज तेवढ्यासाठीच मागितलं.”

“चारचौघांत लाज काढलीस माझी.”

“आई, पदर.”

तिनं पदर असा झटक्यात मागं केला की मला वाटलं आता माझ्या थोबाडीत बसणार. हनुवटी वर, नजर सरळ. कॅमेऱ्यानं पहिल्या फटक्यात घेतली.

पाठवणीला मी पडद्याकडं बघत उभा होतो. होतो तर होतो. त्या लोकांवर माझा काडीचा भरवसा नव्हता, शेवटच्या क्षणी पुन्हा नोंद काढली असती तर? बहीण आईच्या गळ्यात पडली. चौकोन आधी बहिणीवर गेला. मग तिनं तोंड आईच्या खांद्यात लपवलं, चौकोन सुटला, साहेबांकडं सरकल्यासारखा झाला. आणि तो आईच्या उजव्या डोळ्यावर येऊन बसला. घट्ट. पापण्या ओल्या, एकेक वेगळी. मोरपंखी काठावरची जर दिसत होती. मागं साहेब होते, पांढरे, धुरकट, कुणीही असावेत तसे.

त्याच क्षणी आईनं बहिणीच्या खांद्यावरून मला शोधलं. मी गाडीकडं नाही, बहिणीकडं नाही, पडद्याकडं बघतोय हे तिला दिसलं. “तिकडं काय बघतोस, बहीण चालली!” असं ती ओरडली, आणि फोटोग्राफरनं बटण दाबलं.

पूर्ण लग्नातला आईचा स्पष्ट फोटो तो एकच. लेकीला मिठी मारलेली, तोंड अर्धं उघडं, आणि डोळे माझ्यावर रोखलेले, जाळून टाकतील असे. कन्यादानाच्या फोटोंत ती डाग आहे, डागच राहणार. तो राग माझा उतरलेला नाही आणि उतरवायची मला घाई नाही. जे माझ्या आईच्या हक्काचं होतं, ते मला कान धरून, मान म्हणून मागून घ्यावं लागलं.

तो फोटो मोठा करून मी स्टुडिओत काउंटरच्या मागं लावलाय. आई शहरात आली की म्हणते, “काढ तो. भांडखोर बाईसारखी दिसते. दुसरा काढ, मी बसते पाहिजे तर.” स्टुलावर बसतेही, पदर मागं घेऊन, स्वतःहून. मी काढतो. चांगले येतात. तिला देतो.

भिंतीवरचा हलवत नाही. गिऱ्हाईक विचारतात, या बाई कुणावर एवढ्या चिडल्यात? मी सांगतो, माझ्यावर. आणि त्यांना म्हणतो, हनुवटी वर घ्या, इकडं बघा.