फरशीखालचा भिकनाक

“सर, तुमी हितंच बसताय न्हवं? मग जरा चपलांवर ध्यान ठिवा. कुत्री लई झाल्यात.”

एवढं बोलून मंदिर समितीच्या अध्यक्षांचा पुतण्या आत गेला. नव्या मंदिराच्या दाराशी शे-दीडशे चपला, प्लास्टिकची एक खुर्ची आणि मी. भोरच्या शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. हा पुतण्याही माझ्याच वर्गात होता. त्याला माझं नाव ठाऊक होतं, आडनाव त्याहून जास्त.

मी लक्ष ठेवलं. हे आधीच सांगून टाकतो. उठलो नाही. एक कुत्रं उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यांच्या पांढऱ्या चपलेपाशी आलं, तर त्याला हाकललंसुद्धा.

मंदिर येसबांचं. वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या आमच्या गावाचे ते मूळपुरुष. घाट अडवून धरताना पडले, असं गाव सांगतं. कोणत्या लढाईत, ते सांगत नाही. विचारलं तर रागावतं. पुरावा एकच, त्यांची वीरगळ. कमरेएवढा उभा दगड, त्यावर कोरलेल्या तीन पट्ट्या. खालच्या पट्टीत लढाई : येसबा तलवार घेऊन, आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून एक भालेवाला. मधल्या पट्टीत अप्सरा येसबांना वर नेतात. सगळ्यात वर ते पिंडीपुढं हात जोडून बसलेले. भालेवाला वरच्या दोन्ही पट्ट्यांत नाही. स्वर्गाच्या वेशीवर त्यालाही कुणीतरी चपलांवर लक्ष ठेवायला बसवलं असावं.

त्याचं नाव भिकनाक. आमच्या वस्तीतला. पुरावा? येसबांना आहे तेवढाच.

माझ्या लहानपणी दगड उघड्यावर, आंब्याखाली होता. यात्रेच्या सकाळी माझे वडील ओलं फडकं घेऊन जायचे आणि फक्त खालची पट्टी पुसायचे. बौद्ध झाल्यावर त्यांनी घरातले देव नदीत सोडले. फडकं सोडलं नाही. “द्येव न्हाई त्यो,” म्हणायचे. “आपला मानूस हाय.”

जीर्णोद्धार निघाला तेव्हा समितीचे चौघे भोरला माझ्या घरी आले. “सर, दगडावर कोरायला इतिहास पायजे. तुमच्याबिगर हाय कोन?” चौघांचाही चहा वाटेतच झाला होता. पाणीही.

तरी मी लिहून दिलं. मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो. एक पान. त्यात एक ओळ : ‘येसबांच्या पाठीला पाठ लावून लढलेला भिकनाक महार याच जागी पडला, शिळेच्या खालच्या पट्टीत तो आहे.’

उद्घाटनाच्या दिवशी भाषणं संपली. पुढारी दाराशी आले, माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवरचा पडदा त्यांनी ओढला. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. माझं पान. माझी वाक्यं, माझा क्रम. फक्त ती ओळ नव्हती. खाली ‘लेखन : मंदिर समिती’.

मी वळून गाभाऱ्यात पाहिलं. वीरगळ आत आणून बसवली होती. बुटकी दिसत होती. का, ते आधी कळेना. मग कळलं. फरशी वर आली होती आणि खालची पट्टी तिच्याखाली गेली होती.

अध्यक्षांना गाव आबा म्हणतं. मी विचारलं, “आबा, खालची पट्टी?”

“लेव्हल घ्यायची व्हती, सर. मिस्तरी म्हनला, तेवडं गाडल्याबिगर दगूड हुबा ऱ्हात न्हाई.” मग हसले. “येसबा दिसत्यात न्हवं वर? झालं की.”

मुद्दाम गाडलं की लेव्हलसाठी, मला आजही सांगता येत नाही. पण त्या पट्टीत दोघं होते. एकाबरोबर दुसराही गेला. आता येसबा न लढताच स्वर्गात जातात. गावात हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

आबांनी माइक माझ्या हातात दिला. “वाचा मोठ्यानं, सर. आवाज खनखनीत हाय तुमचा.”

मी वाचलं. ओळीच्या जागेशी आलो आणि दगडावर नसलेली ओळ म्हणायला लागलो. ‘भिकनाक महार’ एवढंच कर्ण्यातून गेलं. आबांनी बँजोवाल्याला हात केला. पुढचे शब्द मलाही ऐकू आले नाहीत. तरी ओळ पुरी केली. कुणी ओरडलं नाही, अंगावर आलं नाही. पुतण्यानं दोन्ही हातांनी, अदबीनं माइक काढून घेतला. “आजच्या दिशी कशाला, सर?”

जेवणाला आमची वस्ती शेवटच्या पंगतीला बसली. सगळे पत्रावळीत बघत होते. चुलतभाऊ नंतर म्हणाला, “तुजं भोरात घर हाय, दादा. आमाला हितंच ऱ्हायाचंय.”

तेवढी फरशी उचला, म्हणून समितीला तीन अर्ज दिले. तिन्हींची पोच मिळाली.

गाभाऱ्यावर आता पाटी आहे : पुजाऱ्यांशिवाय कुणी आत येऊ नये. दगड उन्हापावसात होता तोवर माझ्या वडिलांचा हात त्याच्यापर्यंत पोचत होता. छप्पर आलं आणि माझा पोचत नाही.

येत्या यात्रेला सकाळच्या एसटीनं जाणार आहे. वडिलांचं फडकं राहिलेलं नाही, जुना सदरा फाडून ठेवलाय. पाटीखालून आत जाईन. कुणाला विचारणार नाही. वीरगळीपुढची फरशी पुसीन आणि ती ओळ पुरी म्हणेन, माइकशिवाय. बाहेर काढतील. पुढच्या यात्रेला पुन्हा जाईन.

चपलांसाठी समितीनं दुसरा माणूस बघावा.