भोंगा वाजला की झिंगे

ये वं पोरी, इकडे ये, जवळ सरक. तू नागपूरले पाचव्या माळ्यावर बसून हे वाचून राह्यली, ते मले माहीत आहे. पण माझ्या मनानं तू इथी तुझ्या या आजीपाशी बसली आहेस आन् मी तुझा कान धरला आहे. मांजर दिवसभर झोपते, पडदे फाडते, पहाटे दारापाशी बसून गळा काढते, म्हणून तिले गावाले सोडून देते म्हणतेस? काऊन? आधी तूच दार लावलं, खिडक्यांना जाळ्या मारल्या, आन् आता तिच्यावरच रुसून बसलीस. तुले कोणी एका खोलीत कोंडलं, वेळेवर ताट सरकवलं आन् एका कामाले हात लावू दिला नाई, तं तू काय करशील? झोपशील. नाई तं पडदे फाडशील. बस आता, ऐक.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. तेव्हा कोरपन्याकडे सिमेंटचे कारखाने नवेनवे उभे राहत होते. ह्यांना एका कारखान्यात नोकरी लागली आन् आम्हाले कॉलनीत क्वार्टर भेटलं, तिसऱ्या माळ्यावर. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आन् वारा असा की वाळत घातलेलं लुगडं धरून ठेवावं लागे. हे पाळीवर जात. मी एकटी. माझी माय मी लहान असतानाच गेली, त्यामुळे घरात कोणी मोठी बाई असली की मले बरं वाटे. सासरा वारल्यावर ह्यांनी सासूले म्हटलं, "माय, आता आमच्यापाशी राहाले ये." तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मले झाला. सासूले मीही मायच म्हणत होती.

माय वडशाकडच्या गावावरून आली. छोट्या लाईनीच्या गाडीनं चांद्यापर्यंत, म्हणजे चंद्रपूरले, तिथून एसटीनं. डोक्यावर गाठोडं आन् काखेत बांबूची झाकणाची टोपली. टोपलीतून असा आवाज येत होता की कंडक्टरनं विचारलं म्हणे, "आजी, लेकरू कोंबलं का आतमधी?"

ती मांजर होती. करड्या रंगाची, एका कानाले खाच पडलेली. गावच्या घरी धानाच्या कोठीवर तिचा पहारा असे. तिले नाव नव्हतं, माय फक्त "पुस पुस" करे आन् ती येई.

गाठोडं खाली ठेवायच्या आधीच मायनं सांगून टाकलं, "पाह्य बाई, मांजर रमली तं मी राह्यतो. नाई रमली तं आम्ही दोघीबी गावाले जातो."

आता सांग. माझी माय राहील का जाईल, ते एका मांजरावर येऊन ठेपलं!

आन् मांजर काही रमेना. खाली उतरू द्यायची सोय नव्हती. खाली डंपर धावत, कुत्र्यांची टोळी होती, आन् उन्हाळ्यात कुंपणापाशी बिबट फिरून जाई. म्हणून दार बंद. ती पलंगाखाली जाऊन बसली. पहाटे दारापाशी ओरडे, रात्री माझी वाकळ फाडे. त्यात दुपारी खाणीत सुरुंग उडवायच्या आधी भोंगा वाजे. भोंगा झाला की थोड्या वेळानं धडाम! भांडी थरथरत. मग तर ती संध्याकाळपर्यंत तोंड दाखवत नसे. मायही भोंग्याले घाबरे, पण कबूल करत नसे. म्हणे, "मी कुठी भेलो? मी तं मांजरीसाठी पलंगावर पाय वर घेतले."

मी आपली कामाले लागली. दूध जास्त दिलं, तं ती जाडी झाली. बाजारातून रबराचा चेंडू आणला, तिनं तो हुंगला आन् माझ्याकडे असं पाह्यलं की मलेच लाज वाटली. कोंबड्याचं पीस सुतळीले बांधून तिच्या नाकासमोर नाचवलं, तं तिनं डोळे मिटून घेतले.

माय हसली. "अवं, उंदीर कधी मांजरीच्या तोंडाशी येऊन नाचते का? त्याले पळू दे. पेटीमागं लपू दे. थोडा मेल्यासारखा पडू दे."

मी पीस फरशीवरून सरपटत नेलं, पेटीमागे थांबवलं. मांजरीचे कान फिरले. ढुंगण हललं. पण तेवढंच. उडी काही मारली नाई.

"तिले काम पायजे," माय ह्यांना म्हणे, "कारखान्यातून एखांदा उंदीर आण."

"माय, लोकं घरातले उंदीर बाहेर काढतात!"

"मंग तुया घरात मांजरीनं कराचं काय? हजेरी लावाची?"

असे पावसाळ्याचे दिवस गेले. माय खिडकीशी बसे, मांजर पलंगाखाली. मी रोज मायच्या गाठोड्याकडे पाही. तिनं ते पुरतं कधी सोडलंच नव्हतं. लुगडं काढलं की परत गाठ मारून ठेवे.

मग एका दुपारी मी वाळवलेल्या झिंग्यांचा डबा खाली काढत होती. तेवढ्यात भोंगा, आन् मागोमाग धडाम. डबा हातातून सुटला. झिंगे घरभर! पाट्याखाली, पलंगामागे, ह्यांच्या बुटांत. आम्ही दोघींनी सुपात भरता आले तेवढे भरले आन् दमून बसलो. थोड्या वेळानं मांजर बाहेर आली. नाक खाली, शेपटी वर. पाट्याखाली पंजा घालून एक झिंगा ओढला, खाल्ला. मग दुसरा हुडकला. मग बुटात तोंड खुपसलं. सारी दुपार तिचं हेच चाललं. बुटातला झिंगा निघेना, तं तिनं बूटच आडवा पाडला.

मायनं माझा हात दाबला. "बोलू नोको. शिकार करून राह्यली."

दुसऱ्या दिवशी माय भोंग्याच्या आधीच उठली. मूठभर झिंगे पदरात घेतले आन् लपवत सुटली. एक पायलीच्या मापाखाली, एक खिडकीत, एक सुपाच्या कोपऱ्यात. गुडघे दुखतात म्हणून पाणी मागून घेणारी माझी सासू, पेट्यांच्या उतरंडीवर हात उंच करून झिंगा ठेवत होती! मी म्हटलं, "माय, मी ठेवतो नं." तं म्हणे, "तू सोप्या जागी ठेवतेस. तिले समजते."

मग तर नादच लागला. भोंगा वाजला की झिंगे, हे मांजरीच्या अंगवळणी पडलं. जी भोंग्याले पलंगाखाली पळे, ती भोंगा ऐकून मायच्या पायात घोटाळू लागली. आधी पीस पळवाचं, तिले पकडू द्याचं, मग झिंगे. माय म्हणे, धावल्याबिगर खाणं नाई, आन् धावल्यावर उपाशी ठेवणं नाई. ह्यांनी खोक्याच्या लाकडाच्या फळ्या आणून भिंतीले ठोकल्या, पेटीवरून कपाटावर, कपाटावरून दारावर. मांजरीले वरच्यावर रस्ता झाला. खिडकीच्या जाळीबाहेर माय कण्या टाके, चिमण्या येत, आन् आतून मांजर दात कटकट वाजवत बसे. पहाटेचं ओरडणं बंद झालं. फाडायसाठी आम्ही तिले एक जुनं पोतं टांगून दिलं, तं माझी वाकळ वाचली.

पण गाठोडं बांधलेलंच होतं.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. घरोघर पाहुणे, अन् रात्रभर नाटक. धाकटे दीर मायले न्यायले आले. बसल्याबसल्या म्हणाले, "माय, चाल आता. सारे विचारून राह्यले, बुढी कुठी गेली. तू हवेत टांगून काय करतेस?"

"चालतो," माय म्हणाली. मांजरीची टोपली वरून काढली. तांब्या, कांबळं, सारं गाठोड्यात गेलं. मी चहा ठेवला आन् चुलीकडे तोंड करून उभी राह्यली.

तेवढ्यात भोंगा झाला. दीर दचकले. मांजर कपाटावरून फळीवर, फळीवरून खाली, अन् मायच्या पायाशी येऊन शेपटी ताठ करून उभी. माय टोपली हातात धरून तिच्याकडे पाहत राह्यली.

"इले काऊन नेऊ?" ती म्हणाली. "इथी तिचं जमलं. टोपली ठेव बाई वर. झिंगे लपव. आन् सोप्या जागी नोको."

गेली. गाठोडं घेऊन गेली. मांजर रमली तं मी राह्यतो, असं म्हणाली होती. पण माणसं म्हणतात, आन् गाव ओढते. मी रोज भोंग्याले झिंगे लपवले. मांजर हुडके, पण मधेच थांबून दाराकडे पाही. मीही पाही. हे म्हणत, "दोघी मिळून दार झिजवाल."

आन् एका सकाळी जिन्यावरून आवाज आला, "किती माळे बांधले वं या लोकायनं!" माय! डोक्यावरचं गाठोडं अर्धं झालेलं. काखेत मात्र मोठी पिशवी, वैनगंगेच्या वाळवलेल्या मासोळ्यांची. वास असा की समोरच्या क्वार्टरचं दार उघडलं.

मांजरीनं काय केलं? मायकडे पाठ करून बसली. चांगली घटकाभर. मायनं मनवलं नाई. तिनं आधी गाठोडं सोडलं, लुगडी माझ्या लुगड्यांवर रचली, रिकामं फडकं झटकलं आन् जमिनीवर टाकलं. मांजर उठली आन् त्या फडक्यावर जाऊन बसली. मग ते फडकं तिचंच झालं.

"तिकडं कोणी वाट पाह्यत नाई का तुमची?" मी विचारलं.

"पाह्यते नं. पण तिकडं सारे आपलं आपलं हुडकून खातात," माय म्हणाली.

तेव्हा पोरी, मांजर कुठी सोडू नको. आधी तिचं ताट बंद कर आन् जेवण घरभर लपव, सोप्या जागी नाई. खिडकीशी बसायले एक फळी ठोक. तुझ्या आईले सांगून मी थोडे झिंगे पाठवतो. नाई, पाठवत नाई. तूच ये. लवकर ये, आन् तिलेही टोपलीत घालून आण. क्वार्टर सोडताना त्या फळ्या संग आणून इथच्या भिंतीले ठोकल्या, त्या मी अजून काढल्या नाई.