मेलेल्या माणसाचा क्वार्टर

कथा लिहिणाऱ्याजवळ कथा दोन-चारच असतात हो, वाचणाऱ्यांचे किस्से मात्र पोतंभर जमतात! मी तर जन्मात एकच कथा लिहिली.

लढाईचे दिवस होते. फॅक्टरीत डबल शिफ्ट, भरती जोरात, अन् खमरियात, फॅक्टरीच्या इस्टेटीत, क्वार्टर मिळेना. माझ्या सेक्शनचा मोहोड शहरात, दीक्षितपुऱ्यात एका खोलीत पाच जणांसोबत राहायचा. बायको लग्नापासून काटोलला माहेरीच. सासऱ्यानं निरोप धाडला होता, होळीपर्यंत नेली नाही तर पोरगी कायमची ठेवून घेऊ. मला त्याची फार कीव यायची. त्याच भरात मराठी मंडळाच्या हस्तलिखित अंकासाठी कथा लिहिली.

कथेत नवरा मरतो. क्वार्टर जाईल म्हणून बायको कोणाला सांगत नाही. रोज संध्याकाळी दिवा लावून त्याला खिडकीशी खुर्चीत बसवते. तपासणीला आलेले साहेब खूश होऊन म्हणतात, "इतका शांत रहिवासी अख्ख्या इस्टेटीत नाही!"

मला वाटलं, लोक सुन्न होतील.

०

आधी आले वानखेडेजी, आमच्या लाइनीतले ब्लॅकआउटचे वॉर्डन. उघड्या खिडकीत दिवा कसा, म्हणून मलाच झापायला लागले. माणूस मेलेला आहे म्हटलं, तर म्हणाले, "तो मेला न जी, बायको तर जिवंत आहे! तिनं काचेला काळा कागद काहून नाही लावला?"

०

मंडळाच्या अध्यक्षांनी दोनदा वाचली, बोध सापडला नाही. अंक मुलंही वाचतात, म्हणून लाल शाईनं स्वतःच शेवटी लिहून टाकलं: "तात्पर्य: मृत्यूनंतर क्वार्टर त्वरित सोडावा." वर मलाच म्हणतात, आता कशी पूर्ण वाटते!

०

आमच्या सौ.नं कथा वाचली. खिडकीजवळची माझी खुर्ची तेवढी उचलून आत नेली.

०

मोहोडनं कथा जेवणाच्या सुट्टीत वाचली. डबा तसाच राहिला. मला वाटलं, चला, एकाला तरी लागली! तो जवळ सरकला अन् हळूच क्वार्टरचा नंबर विचारू लागला. मी उपरोध म्हणजे काय ते समजावलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि पुन्हा नंबर विचारला.

पुढच्या रविवारी दारात मोहोड, ट्रंक आणि त्याची बायको! काटोलहून सरळ घेऊनच आला होता. मी शपथेवर सांगितलं, असा क्वार्टर नाही, असा माणूस नाही, सगळं मनातलं आहे. तो म्हणाला, तुम्ही त्या बाईसाठी लपवून राहिले, मला समजते, मी कोणाला सांगत नाही.

मी पुन्हा शपथ घेऊ लागलो. तेव्हा त्याची बायको पदर सावरून पुढे आली.

"भाऊजी, त्या खुर्चीतल्यांना नका उठवू," ती म्हणाली. "खिडकीशी त्यांनाच बसू द्या. आम्ही दोघं मागच्या खोलीत राहू, अन् संध्याकाळचा दिवा मी लावत जाईन."