टिचकीच्या छातीतली थरथर

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या बाजूला एक अरुंद खोली होती. तिथे खिडकीपाशी बसून ती काचा घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. वीस वर्षं हेच काम. काच केसभर सरकली तरी माणसाचं डोकं दुखतं, म्हणून तिला घाई ठाऊकच नव्हती. गिऱ्हाइकं तिला चष्मेवाली म्हणायची. घरी ती ताई.

ताईनं लग्न केलं नाही. दोन खोल्या, पुढे गच्चीचा तुकडा, सोबतीला आई, आणि मखमल नावाची लांब कानांची सोनेरी स्पॅनियल कुत्री. मखमलच्या आधी मखमलची आई होती. बारा वर्षांत ताईनं या दोघींची मिळून फक्त चार बाळंतपणं केली. कुत्री दोन वर्षांची झाल्याशिवाय तिला नराकडे न्यायचं नाही, नेण्याआधी दोघांचे डोळे, गुडघे, रक्त तपासायचं, एका बाळंतपणानंतर वर्षभर तरी तिला विश्रांती द्यायची, आणि आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय पिल्लू आईपासून तोडायचं नाही. पिल्लू मागायला आलेल्याची ती अशी उलटतपासणी घ्यायची की निम्मे लोक चहा अर्धवट टाकून निघून जायचे.

"घरात दिवसा कोण असतं? जिने किती? याआधीचं कुत्रं कशानं गेलं?"

"अगं, पिल्लू देतेयस की नोकरी?" आई म्हणायची.

धाकटी बहीण चिमी दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिचं पार्लर होतं. चिमी बोलायला लागली की माणसं हातातलं काम विसरायची, हे लहानपणापासूनचं. दोघी बहिणी शाळेतून एकत्र आल्या तरी शेजारीण आधी चिमीच्या वेण्यांना हात लावायची. ताईच्या वेण्याही तेवढ्याच लांब होत्या. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, ताईच्या मात्र अजून लक्षात होतं.

मखमलच्या पहिल्या वेतातली सगळ्यात गुणी मादी ताईनं चिमीला दिली. भेट म्हणून दिली, मनापासून दिली. चिमीनं तिचं नाव पिंगी ठेवलं. खायला काय घालायचं, कान कसे पुसायचे, कधी फिरवायचं, सगळं ताईनंच शिकवलं. पिंगी अडीच वर्षांची झाल्यावर चिमीनं तिची पिल्लं काढली, तीही ताईच्या सगळ्या नियमांनी. सहा पिल्लं झाली. चिमीनं त्यांना टोपलीत बसवून फोटो काढले, पार्लरच्या आरशाला लावले, आणि आठवडाभरात दारात रीघ लागली. उलटतपासणी तीसुद्धा घ्यायची, पण अशी की लोक हसत हसत खरं बोलून जायचे.

"चिमीच्या हाताला यश आहे हो," आई शेजारणीला सांगत होती. ताई आतल्या खोलीत मखमलचं भांडं घासत होती. तिनं ते दोनदा घासलं.

त्याच वर्षी गावात कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं. मखमल तिसरी आली आणि पिंगी पहिली. परीक्षकानं पिंगीच्या चालीचं, छातीचं, केसांचं कौतुक केलं आणि विचारलं, "हिला कुणी वाढवलं?" चिमीनं ताईकडे बोट दाखवलं होतं, नाही असं नाही. पण तोवर फोटोवाले चिमीभोवती जमले होते. ताईनं टाळ्या वाजवल्या. घरी येऊन ती न जेवता झोपली आणि आईला सांगितलं, उन्हानं डोकं धरलंय.

त्यानंतर चौथ्याच दिवशी पोस्टमन दुकानात आला. त्याच्याकडे पिंगीचा भाऊ होता, एकाच वेतातला. पोस्टमननं टपालाची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "बाई, आमचा मोत्या गेला. हृदयाचं होतं म्हणे, जन्मापासूनचं. आम्हाला उशिरा कळलं." त्यानं डॉक्टरांचा कागद पुढे केला. हा दोष रक्तातून येतो, आईबाप आणि भावंडं तपासून घ्यावीत, त्यांची पिल्लं काढू नयेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

अखेरच्या दिवसांत ताई मोत्याला बघून आली होती. त्याच्या छातीवर डाव्या बाजूला बोटं टेकली की आत काहीतरी सतत थरथरायचं, मांजर गुरगुरावं तसं. ती थरथर तिच्या बोटांत राहिली होती.

मखमलची पिल्लं तिनं त्या दिवसापासून बंद केली. लोकांना सांगितलं, आता तिचं वय झालं. बाकीच्या पिल्लांच्या मालकांना तिनं फोन करून तपासणी करून घ्यायला लावली. एकाच घरी फोन केला नाही. चिमीच्या.

का नाही केला, याचं उत्तर तिनं स्वतःला छान तयार करून दिलं होतं. चार दिवसांपूर्वी पिंगी पहिली आली. आज मी जाऊन सांगितलं की पिंगीची पिल्लं काढू नकोस, तर सगळे म्हणतील ताई जळते. थोडे दिवस जाऊ देत, मग सांगू. थोडे दिवस गेले, मग महिने गेले. कागद कपाटात चादरींखाली राहिला. आणि ते उत्तर खरं असलं तरी पुरतं खरं नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं. त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती मनातसुद्धा शब्दांत येऊ द्यायची तिची तयारी नव्हती. एकदा तरी चिमीचं काहीतरी चुकू दे.

दीड वर्षानं पिंगीला दुसऱ्यांदा पिल्लं झाली. पाच. पाच आठवड्यांची झाल्यावर एका सकाळी चिमी त्यातलं एक पिल्लू रुमालात गुंडाळून जिना चढून आली. तिचे केसही विंचरलेले नव्हते.

"ताई, बघ ना हिला. बाकीची ताटलीत उड्या मारतात, ही दोन घोट घेते आणि धापा टाकत बसते. वजनच वाढत नाही."

ताईनं पिल्लू हातात घेतलं. भावंडांच्या निम्म्यानं असेल. तिनं डाव्या बाजूला, पुढच्या पायामागे, दोन बोटं टेकवली. आत थरथर होती.

पहिली गोष्ट तिच्या मनात आली ती दया नव्हती. झालं एकदाचं, असं वाटलं. क्षणभरच; पण वाटलं. दुसऱ्या क्षणी तिनं पिल्लू छातीशी धरलं आणि चपला पायात सरकवल्या.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ नळी लावून ऐकलं, मग यंत्रावर चित्र काढून बघितलं. "हृदयाजवळची एक वाहिनी जन्मल्यावर आपोआप मिटायला हवी, हिची उघडीच राहिलीय. फुफ्फुसांवर ताण येतो, म्हणून धाप. शस्त्रक्रियेनं बंद करता येते. मोठ्या इस्पितळात करतात ती. पण त्याआधी हिनं दोन किलो तरी भरायला हवं. तोपर्यंत औषध, थोडं थोडं खाणं, आणि दमणूक अजिबात नको." मग त्यांनी विचारलं, "हिच्या आईच्या नात्यात कुणाला असं होतं का?"

"छे हो," चिमी म्हणाली. "पिंगी आमच्या ताईकडची आहे. ताई असं काही होऊ देईल का?"

ताई भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचत उभी राहिली.

चिमीचा दिवस पार्लरमध्ये जायचा आणि तिथे फवारे, गरम हवा, म्हणून पिल्लू ताईकडे ठेवायचं ठरलं. आईनं तिचं नाव टिचकी ठेवलं. ताईनं दुकानातून रजा घेतली. टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची पिशवी, तिच्याशेजारी टिचकी. दर दोन तासांनी पिल्लांचं दूध कोमट करायचं, पिल्लाला पोटावर धरायचं, उताणं कधीच नाही, नाहीतर दूध श्वासनलिकेत जातं. घोटाघोटाला थांबायचं. नाकपुड्या फुलल्या की पाजणं बंद. सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. एखाद्या दिवशी वीस ग्रॅम वाढायचे, एखाद्या दिवशी दहा घटायचे, आणि त्या दिवशी आई काटा पुसून पुन्हा वजन करायला लावायची.

चिमी दुपारी यायची. ती दारात आली की टिचकी मान उचलायची. दिवसभर पाजणारी, पुसणारी, निजवणारी ताई. आणि शेपटी हलायची ती चिमीच्या आवाजावर. चिमी ओढणी ठेवून गेली तर टिचकी त्या ओढणीत नाक खुपसून झोपायची. ताईनं एकदा ती ओढणी धुवायला टाकली. ओढणी स्वच्छ होती.

दहाव्या दिवशी चिमी उत्साहानं आली. "ताई, बाकीची चार तीन आठवड्यांनी जातील. त्यातली ती पांढऱ्या पंजाची मादी आहे ना, ती एक बाई नेणार आहेत. पुढे तिची पिल्लं काढणार म्हणाल्या. आणि पिंगीला पुढच्या वर्षी तो प्रदर्शनातला काळा नर."

ताईच्या मांडीवर टिचकी होती. तिनं पाजणं थांबवलं.

"ती मादी त्या बाईंना देऊ नकोस," ती म्हणाली. "आणि पिंगीला पुन्हा नेऊ नकोस."

"का?"

"आई, ते कपाट उघड. चादरींखाली एक कागद आहे, तो हिला दे."

चिमीनं उभ्याउभ्याच कागद वाचला. वरची तारीख बघितली. पुन्हा वाचला.

"हे तुला दीड वर्षापासून माहीत होतं?"

"हो."

"मी डॉक्टरीणबाईंना तुझ्यासमोर सांगत होते, ताई असं होऊ देणार नाही म्हणून. तेव्हासुद्धा गप्प बसलीस?"

"हो."

"पण का गं? मी तुझं काय घोडं मारलं होतं?"

ताईला तयार उत्तर आठवलं. लोक काय म्हणतील ते. ते तोंडाशी आलंही होतं. पण मांडीवर तो इवलासा जीव धापा टाकत होता, आणि त्याच्यासमोर ते बोलायची तिला लाज वाटली.

"जळत होते तुझ्यावर," ती म्हणाली. "आजही जळते. पिंगी पहिली आली तेव्हा मला गिळवलं नाही. वाटलं, तुझं एकदा तरी बिघडावं. हिचं बिघडावं असं नव्हतं वाटलं."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चिमीनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, चप्पल घातली आणि निघून गेली. टिचकीनं दाराकडे बघत बारीक आवाज काढला.

दोन दिवस चिमी आली नाही. फोनही उचलला नाही. "तुम्हा दोघींत मीच कुठंतरी कमी-जास्त वाढलं असेल," आई न राहवून म्हणाली. ताई टिचकीचं दूध कोमट करायला उठली. नाही मात्र म्हणाली नाही.

तिसऱ्या दिवशी चिमी आली. डोळे सुजलेले, हातात वही. ती ताईकडे न बघता खाली बसली. "पहिल्या वेळच्या सहाही घरांचे नंबर आहेत यात. फोन करायचेत. तू बोल. मी बोलले तर रडेन."

ताईनं फोन लावले. प्रत्येकाला तेच, सरळ सांगितलं: दोष आहे, आमच्या कुत्र्यांच्या वंशातून आलाय, मला माहीत होतं आणि मी कळवलं नाही, कृपा करून तपासून घ्या, पिल्लं काढू नका. एकानं शिव्या घातल्या. ताईनं त्या पूर्ण ऐकून घेतल्या. त्यातल्या एका निवृत्त शिक्षक जोडप्याच्या कुत्र्याच्या छातीतही पुढे आवाज सापडला, सौम्य. औषधावर तो बरा राहिला. पांढऱ्या पंजाची मादी निर्दोष निघाली, पण आता ती फक्त पाळायला म्हणूनच, पिल्लं होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रिया करून घेण्याच्या अटीवर गेली. पिंगी आणि मखमल, दोघींचीही तीच शस्त्रक्रिया झाली. बारा वर्षांचा वंश तिथेच संपला.

डॉक्टरीणबाईंना सांगायला दोघी मिळून गेल्या. ताई तोंड उघडणार एवढ्यात चिमी म्हणाली, "नात्यात एकाला होतं. आम्ही कळवायला उशीर केला." आम्ही, म्हणाली. ताईला कुठंतरी बरं वाटायला हवं होतं. तिला वाटलं, क्षमा करण्यातसुद्धा हीच पहिली आली.

मग तिनं डॉक्टरीणबाईंकडे बघून सांगितलं, "आम्ही नाही. मी."

टिचकी साडेतीन महिन्यांची होऊन दोन किलो शंभर ग्रॅम भरली, तेव्हा तिला मोठ्या इस्पितळात नेलं. बाकड्यावर दोघी बहिणी शेजारी शेजारी बसल्या, मध्ये पर्स ठेवून. अडीच तासांनी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, वाहिनी बंद झाली, पिल्लू शुद्धीवर येतंय. चिमी त्यांच्या पाया पडायची तेवढी बाकी राहिली. ताई मात्र आत जाऊन आधी दोन बोटं टिचकीच्या छातीवर टेकवून आली. आत नुसते ठोके होते, एकामागून एक, स्वच्छ.

टिचकी ताईकडेच राहिली. चिमीनं तसं सांगितलं, "सवय झालीय तिला तुझी," आणि विषय संपवला. पण बोलणं पूर्वीसारखं व्हायला वर्ष गेलं. मध्ये कितीतरी दिवस दोघी फक्त कुत्र्यांबद्दलच बोलायच्या.

अजूनही कुणी पिल्लाची चौकशी करायला आलं की ताई सांगते, आमच्याकडे नाही आणि होणारही नाही. मग विचारते, कुणाकडून घेताय, आईला बघितलंत का, कागद मागितलेत का? सुटीच्या दिवशी ती अनोळखी माणसांबरोबर दुसऱ्यांची पिल्लं बघायला जाते. भावंडांचं विचारल्याशिवाय तिथून उठत नाही.

आणि चिमी जिन्यावर आली की टिचकी अजून ताईच्या मांडीवरून उडी मारून पळते. ताईला अजून ते टोचतं. ती उठते, दार उघडते आणि म्हणते, "ये, तुझीच वाट बघतेय ही सकाळपासून."