तिरकी पिन

गल्लीत सगळे तिला बाइंडरीण म्हणत. तिचं खरं नाव विजेच्या बिलावर होतं, तेवढंच. पुढच्या खोलीत पुठ्ठे, कापडाचे तागे, कागद कापायचं मशीन आणि खळीचं पातेलं. मागच्या खोलीत संसार. दोन्हींच्या मध्ये पडदा होता, पण खळीचा वास काही पडदा मानत नसे.

हात असा की तिनं शिवलेलं रजिस्टर भिंतीवर आपटलं तरी पान हलायचं नाही. खोड एकच. वाकडं काही दिसलं की तिच्या जिवाची तगमग व्हायची. कुणाकडे पाहुणी गेली तरी आधी टेबलावरचं कापड सरळ करायची, मग बसायची. नवरा आल्यागेल्याला सांगायचा, "माझं नाक जरा डावीकडे झुकतं ना, म्हणून लग्नाआधी ही दोनदा बघायला आली होती. दुसऱ्यांदा तर फूटपट्टी घेऊन!"

"आणि तरी पसंत केलं," ती म्हणायची. "माझी तेवढी एकच चूक."

धाकटा भाऊही याच कामात वाढलेला. वडिलांनी दोघांना शेजारी बसवून टाके शिकवले. हिचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे, त्याचे मेंढरांच्या कळपासारखे. शेवटी वडिलांनी त्याच्या हातची सुई काढून घेतली आणि त्याला कापायच्या मशीनवर उभं केलं. तिथं मात्र त्याचा हात बसला. त्याच जोरावर तो परदेशी एका छापखान्यात गेला. लग्न केलं नाही. फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं, "काय ताई, जग सरळ झालं का?"

वसंत ऋतू संपता संपता फोन आला, पण आवाज त्याचा नव्हता. त्याच्या खोलीत राहणारा वेल्डर बोलत होता. धाकटा मशीनपाशीच कोसळला होता. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. देह इकडे आणणं जमण्यासारखं नव्हतं. तिथंच अग्नी दिला.

पंधरवड्यानं वेल्डरचा पुन्हा फोन आला.

"ताई, राख सरकारी कचेरीत आहे. पत्र्याच्या डब्यात. पण माझ्या हातात देत नाहीत. म्हणतात, तू कोण त्याचा?"

"सांगायचं ना, एका ताटात जेवत होतो म्हणून!"

"सांगितलं. तर म्हणाले, ताटाचा कागद आण. एक तर रक्ताच्या माणसानं यावं, नाहीतर त्याचं मुखत्यारपत्र यावं. ताई, माझा करार संपतोय. पुढच्या महिन्यात मी कायमचा परत येतोय. त्याआधी कागद आला तर डबा घेऊन येतो. नाही आला तर..."

"नाही आला तर काय?"

"बेवारशांचा एक मोठा खड्डा आहे. त्यात नंबर घालून पुरतात."

बाइंडरिणीनं फोन ठेवला. समोर अर्धवट शिवलेली वही होती, ती पुरी केली, दोरा कापला आणि उठली.

"कुठं निघालीस?" नवऱ्यानं विचारलं.

"माझ्या भावाला नंबर घालणार म्हणे! बघतेच."

मुखत्यारपत्र म्हणजे माझ्या वतीनं हा माणूस सही करील, हा घेईल ते मीच घेतल्यासारखं, असं लिहून देणं. लिहायला सोपं, मानून घ्यायला अवघड. आधी नोटरीसमोर सही. मग नोटरीचा शिक्का खरा आहे असं सांगणारा परराष्ट्र खात्याचा शिक्का. मग तो शिक्काही खरा आहे असं सांगणारा त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का. नवरा म्हणाला, "म्हणजे चोराला पोलिसानं ओळखायचं, पोलिसाला फौजदारानं, आणि फौजदाराला त्याच्या बायकोनं."

"तुम्ही खळ ढवळा. खाली लागतेय."

नोटरी म्हणजे एका जिन्याखालच्या खोलीतले म्हातारे वकील. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी मजकूर टाईप करवून घेतला, तिची सही घेतली, शिक्के ठोकले आणि पानं एकत्र करून कोपऱ्यात पिन मारली. कोपरे जुळवलेसुद्धा नाहीत. पिन तिरकी गेली आणि तिचा एक पाय बाहेरच वाकून बसला. बाइंडरिणीच्या दातांखाली खडा आल्यासारखं झालं.

"वकीलसाहेब, जरा कोपरे जुळवून..."

"बाई, कायदा कोपऱ्यात नसतो," म्हातारबुवा म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

परराष्ट्र खात्याच्या खिडकीवर दिवस मोडला, पण शिक्का मिळाला. घरी येऊन तिनं कागद टेबलावर ठेवला आणि हात धुतले. परत येऊन पाहिलं. पान एकीकडे, पिन दुसरीकडे. शेवटचं पान तर सुटायलाच टेकलं होतं. एवढ्या लांब जायचं, किती हातांतून, किती थैल्यांतून! वाटेत पान गळलं म्हणजे? आणि धाकट्याच्या शेवटच्या कागदाची ही दशा? माझ्या घरातून?

तिनं पिन अलगद उचकटली. पानं ठोकून सरळ केली. मेण लावलेला दोरा घेतला, दाभणानं भोकं पाडली, टाके घातले, वरून काळ्या कापडाची पट्टी चिकटवली आणि वजनाखाली ठेवली. काढली तेव्हा वस्तू अशी दिसत होती की कुणाला वाटावं, राजाचा खलिता आहे. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

वकिलातीत काचेपलीकडे एक तरुण बाई होती. तिनं कागद हातात घेतला, कौतुकानं उलटापालटा केला आणि मग कोपऱ्यातल्या दोन बारीक भोकांवर तिचं बोट थांबलं.

"हे कुणी उघडलं?"

"मी," बाइंडरीण अभिमानानं म्हणाली. "आता शंभर वर्षं सुटणार नाही."

"बाई, नोटरीनं लावलेली पिन निघाली की कागद संपला. हा चालणार नाही."

"अहो, पण शिक्के आहेत ना सगळे! एक अक्षर हललेलं नाही."

"मला कसं कळणार? मधलं पान तुम्ही बदललं नसेल कशावरून?"

बाइंडरिणीला आपलंच एक काम आठवलं. शाळेच्या जुन्या रजिस्टरातलं उंदरानं खाल्लेलं पान काढून दुसरं असं शिवलेलं तिनं, की हेडमास्तरांनाही सापडलं नव्हतं. पान बदलून ब्रह्मदेवाला पत्ता लागू द्यायचा नाही, हे तिच्याएवढं कुणाला जमत होतं? समोरची पोर चुकत नव्हती. आपला हातच आपल्या भावाच्या आड आला होता.

"मग आता?"

"पहिल्यापासून."

घरी नवरा एकदा बोलून गेला, "अगं, राखच ती. तिथली माती काय आणि इथली काय."

ती म्हणाली, "तुमची असती तर तिथंच ठेवली असती."

नवरा हसला नाही. शर्ट चढवला आणि म्हणाला, "चल, मीही येतो. रांगेत दोघं असली की एकाला पाणी तरी पिता येतं."

जिन्याखालच्या खोलीला कुलूप होतं. वकील मुलीकडे गेले होते, कधी येतील ते शेजारच्या टाईपवाल्यालाही ठाऊक नव्हतं. दुसरा नोटरी बघावा तर त्यालाही सगळी ओळखपत्रं, साक्षीदार, धाकट्याशी नात्याचा पुरावा हे सगळं नव्यानं हवं; आणि इथं सगळं म्हातारबुवांच्या कपाटात. बाइंडरिणीनं घरून कामाचा गठ्ठा आणला आणि त्याच जिन्यावर बसून पानांना घड्या घालू लागली. येणारेजाणारे तिला ओलांडून जात. दुसऱ्या दिवशीही तेच. टाईपवाला म्हणाला, "मावशी, दुकानच हलवलंत की!"

"भाडं मागू नकोस म्हणजे झालं."

तिसऱ्या दिवशी म्हातारबुवा पिशवी सांभाळत आले. तिला पाहून थबकले.

"परत?"

"परत. आणि वकीलसाहेब, पिन तुम्हीच मारा."

त्यांनी मारली. आधीच्यापेक्षा तिरकी. नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

पुन्हा खिडकी, पुन्हा रांग. कागद घरी आला तेव्हा तिनं तो टेबलावर ठेवलाच नाही; नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या कपाटात ठेवा, किल्ली माझ्यापासून लपवा." नवऱ्यानं खरोखर लपवली आणि सकाळी स्वतःलाच सापडेना. शेवटी खळीच्या पिठाच्या डब्यात निघाली.

वकिलातीतल्या त्याच बाईनं आधी कोपरा पाहिला. पिन बोटानं ओढून पाहिली. मग बाइंडरिणीकडे पाहून हळूच म्हणाली, "त्रास झाला असेल ना, अशी ठेवताना?"

"विचारू नका. दाढदुखी परवडली."

शिक्का बसला. कागद कुरिअरनं गेला. वेल्डर निघायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. "ताई, साहेबानं पिन बघितली, शिक्के बघितले आणि डबा दिला. माझ्या मांडीवर आहे."

दोन दिवसांनी तो दारात उभा राहिला. खांद्यावर पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पत्र्याचा डबा. डब्याचं झाकण बसत नव्हतं म्हणून त्याला आडवीतिडवी चिकटपट्टी मारलेली, एका बाजूला नंबराची चिठ्ठी. वेल्डरनं तो दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. मग खिशातून मुखत्यारपत्राची प्रत काढली. "हे राहू द्या तुमच्याकडे."

तिनं कागदाकडे पाहिलंही नाही. डबा घेतला आणि काम करायच्या टेबलावर, स्वतःच्या जागेशेजारी ठेवला. तिथं पूर्वी धाकटा बसत असे. आधी नखानं नंबराची चिठ्ठी सोलून काढली. मग फूटपट्टी घेऊन डब्याची मापं घेतली. जाड पुठ्ठा निवडला. कापडांतून गडद निळं काढलं.

"ताई, आधी दोन घास खाऊन घ्या," वेल्डर म्हणाला.

"तुम्ही दोघं बसा. मी आलेच."

तिनं पुठ्ठा मशीनखाली सारला, कड जुळवली. मग डब्याकडे वळून म्हणाली, "हे कापायचं काम तुझं होतं रे."

आणि पातं खाली ओढलं.