तारेला खोचलेली तिकिटं

ती गोष्ट आठवली, की मोटारीतून उतरताना हातातलं तिकीट मी अजूनही लगेच फेकत नाही. एकदा उलटून पाहतो. बायको म्हणते, नोकरी सुटली पण पंचनामा सुटला नाही. सुटेल कसा? माझ्या हाताखालून गेलेली सगळ्यात नाजूक केस अशाच चिटोऱ्यांनी सोडवली होती. नावं कोणाचीच सांगणार नाही. माणसं भली होती, आणि त्यांची नातवंडं आता वाचणारी झाली आहेत.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. मी आर्णीच्या ठाण्यात नवा फौजदार. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी उघडली होती, तोच बाजारातले एक कापडदुकानदार तरातरा आत आले. हातात तार. दुकानात खिळ्याला टांगलेली असते ना, पावत्या आणि चिठ्ठ्या खोचून ठेवायची, तीच. तिला पावत्यांऐवजी मोटारीची तिकिटं खोचलेली होती.

"लिवा साहेब रिपोट. माह्या जावयानं चोरी केली."

"काय चोरलं?"

"हिरवं लुगडं. नऊवारी, रुंद काठाचं." मग आवाज खाली आणून, "आन् लोक मनतेत, ते त्यानं एका बाईले देल्लं."

कोपऱ्यात तंबाखू मळणाऱ्या आमच्या जमादाराचा अंगठा जागीच थांबला.

हकीकत अशी. शेठला बायको नव्हती, एकुलती एक मुलगी. तिचा नवरा घरजावई. दर मंगळवारी आणि शनिवारी तो माल आणायला यवतमाळला जायचा. सकाळच्या मोटारीनं जायचा, दुपारच्या मोटारीनं परत यायचा. चार महिन्यांपासून मात्र तो दुपारच्या मोटारीनं न येता संध्याकाळच्या मोटारीनं येऊ लागला होता. आणि हिशेबासाठी तो तिकिटं खोचायचा ती तार लवकर भरू लागली होती. दोन खेपांची चार तिकिटं व्हायला हवीत, तिथं सहा होत होती.

"पोरीले सातवा महिना हाय साहेब. तिले कोन्या तोंडानं सांगू? तुमी ह्याले आत टाका. सोडचिठ्ठी मी लिहून घेतो."

मी टाक दौतीत बुडवला आणि पुन्हा ठेवला. फिर्याद लिहून घेणं दहा मिनिटांचं काम. पण त्या दहा मिनिटांत एका माणसाच्या कपाळावर चोर हा शब्द बसणार होता, आणि एक मूल बापाविना जन्माला येणार होतं.

"लिहितो," मी म्हणालो. "आधी चौकशी. ही तार इथंच राहू द्या."

शेठ गेल्यावर मी तिकिटं टेबलावर पसरली. छापील आकडे, त्यांना कंडक्टरनं पाडलेली भोकं. मला त्यातलं काही कळेना. संध्याकाळी मोटार आली तेव्हा कंडक्टरला ठाण्यात बोलावलं. गडी असा थरथरत आला, जणू त्यानंच लुगडं नेसलं होतं.

त्यानं तिकिटं हाती घेतली आणि एकदम मास्तर झाला. "हे पाहा साहेब. जातानी आर्नी ते यवतमाळ, सरळ तिकीट. येतानी दोन तुकडे. यवतमाळहून मधातल्या गावापर्यंत एक, तिथून आर्नी दुसरं."

"तुकडे स्वस्त पडतात का?"

"उलट महाग. पन सरळ तिकीट काढून मधात उतरलं का तिकीट मेलं. दुसऱ्या मोटारीत ते चालत नाही. ज्याले मधात उतराचंच हाय त्यानं तुकडेच घ्यावे. मानूस हिशेबाचा पक्का दिसते."

"मधे उतरून करतो काय तो?"

कंडक्टरनं दाराकडे पाहिलं. "एक बाई राह्यते साहेब. टिनाच्या शेडात वाट पाह्यत बसलेली. पाठमोरी. मांगच्या शनिवारी हिरवं लुगडं होतं."

"तोंड पाहिलंस?"

"मी तिकिटं पाह्यतो साहेब. बाया नाही पाह्यत."

जमादारानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "मामला साफ झाला साहेब. माल बी हाय, बाई बी हाय."

मला मात्र एक गोष्ट खुपत होती. चोर पुरावा जाळतो, गिळतो, विहिरीत टाकतो. सासऱ्याच्या तारेला नेऊन खोचत नाही. हा गडी दर खेपेला स्वतःच्या हातानं तिकिटं खोचत होता, सरळ ती सरळ, तुकडे ते तुकडे. असा गुन्हेगार मी तोवर पाहिला नव्हता, पुढेही पाहिला नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी मी वेषांतर केलं. हसू नका. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर पंचा. आरशात मी थेट कापसाचा दलाल दिसत होतो. मोटारीच्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि तोच कंडक्टर भर गर्दीत ओरडला, "सलाम साहेब!" माझं नाटक पडदा वर जायच्या आतच कोसळलं.

तरी एक हुशारी मी केली. मधल्या गावाचं तिकीट मागितलं असतं तर अख्ख्या मोटारीला कळलं असतं. म्हणून यवतमाळचं सरळ तिकीट मोठ्यानं मागितलं आणि मधेच गुपचूप उतरलो. पुढचं तिकीट मेलं. त्याचे पैसे सरकारकडे मी कधी मागितले नाहीत.

टिनाच्या शेडात ती होती. पाठमोरी, हिरव्या लुगड्यात. मी खाकरलो. तिनं मान वळवली.

साठी केव्हाच ओलांडलेली म्हातारी. तोंडात दात मोजकेच, मांडीवर गाठोडं, बाजूला काठी.

"काहून रे बापू, कोनाची वाट पाह्यतं?"

"मोटारीची, माय."

"आत्ता तं मोटारीतूनच उतरला." तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि नजर खाली येऊन थांबली. "पोलीस हायेस ना? धोतराखाली बुटं कोन घालते?"

चपला घालायच्या राहूनच गेल्या होत्या. वेषांतर मी त्या दिवसापासून कायमचं सोडलं.

तेवढ्यात यवतमाळकडून दुपारची मोटार आली. जावई उतरला, कापडाचा गठ्ठा खाली ठेवून म्हातारीच्या पाया पडला. तिनं गाठोडं सोडलं. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी. तो उभ्या उभ्याच घास घेऊ लागला तशी ती खेकसली, "बस आधी! उभ्यानं बैल खाते." तो बसला, आणि मग त्याची नजर माझ्यावर पडली. घास हातातच राहिला.

"ही कोण?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती, पण चौकशी म्हणजे चौकशी.

"माही माय."

"मग घरी का नाही भेटत?"

त्यानं हातातला घास गाठोड्यावर ठेवला. जबाब म्हातारीनं दिला.

"याच्या लग्नात, साहेब, मी मांडवाच्या दारात उभी होती. वरमाय. याही, सुनेचे बाप, सामोरे आलेच नाही, दुकानाच्या गिऱ्हाइकात बसून राह्यले. मी उपाशी निंगाली. चारचौघांत मनलं, तुमच्या दाराले पाय लावणार नाही. ते मनले, मंग जावई बी तुमच्या दाराले पाय लावणार नाही. शप्पत झाली." तिनं भाकरीचा तुकडा मोडून लेकाच्या हातावर ठेवला. "शप्पत कोनी मोडली नाही. माहं दार तिकडं, नाल्यापल्याड. त्याहीचं दार आर्नीले. हे तं मोटारीचं ठेसन. हे कोनाचंच दार नोहे."

पिनल कोडाची कलमं मला तोंडपाठ होती. त्यातलं एकही मला त्या शेडात उपयोगी पडेना. शेवटी तिनं भाकरीचा चतकोर माझ्यापुढेही केला. साक्षीदाराकडून काही घेऊ नये असा नियम आहे. मी घेतला.

"आणि हे लुगडं?"

"सुनेनं धाडलं," म्हातारी म्हणाली, आणि पदर उगाचच नीट केला.

संध्याकाळी जमादाराला घेऊन मी शेठच्या घरी गेलो. ओट्यावर बसून सगळं सांगितलं. शेठ ऐकत होते, चेहरा दगडाचा. लुगड्यापर्यंत आलो तोच आतून मुलगी बाहेर आली, एका हातानं कंबर धरून.

"बाबा, लग्नात विहिनीले मानाचं लुगडं द्या लागते. तुमी देल्लं नाही. मी देल्लं. चोरी मनत असान तं मले घेऊन जा मना साहेबांले."

जमादारानं तिच्या मनगटाकडे गंभीरपणे पाहिलं. "साहेब, या मापाची बेडी नाही आपल्यापाशी."

कोणी हसलं नाही. शेठनी ओट्याच्या फरशीवर बोटानं एक रेघ ओढली. मग म्हणाले, "चारचौघांत घेतली शप्पत. आता मोडू कशी?"

"मोडू नका," मी म्हणालो. "जावयाचा महिन्याचा पास काढा."

"आठवड्यातून दोन खेपांले पास? नुकसान हाय साहेब. तिकीट परवडते."

"परवडतं. पण पासावर माणूस मधे उतरला तरी पास मरत नाही. कितीदा उतरला, कुठं उतरला, तारेवर काही दिसत नाही. तुम्हालाही नाही, तुमच्या शपथेलाही नाही."

शेठनी माझ्याकडे असं पाहिलं की हा फौजदार आहे का वकील. पण चार दिवसांनी जावयाच्या खिशात पास होता. तार मी परत केली. डायरीत लिहिलं, "वस्तू घरातल्याच माणसाजवळ मिळून आली. तक्रारदाराची तक्रार नाही." वरिष्ठांनी त्यावर सही केली. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही, आणि खोटंही त्यात काहीच नव्हतं.

शेठना नात झाली. तीन महिन्यांनी मी कोर्टाच्या तारखेला यवतमाळला निघालो होतो. पुढच्या बाकावर शेठ, धुवट धोतर, नवी टोपी. बाजूला लेक, मांडीवर तान्ही.

"कुठलं देऊ शेठ?" कंडक्टरनं विचारलं.

"यवतमाळ," शेठ सगळ्या मोटारीला ऐकू जाईल असं म्हणाले. "सरळ!"

मधल्या गावी मोटार थांबली. शेठ कोणी न विचारताच म्हणाले, "पोरीले तहान लागली," आणि नातीला घेऊन उतरले. मागून लेक उतरली. मी खिडकीत सरकलो. शेडातून हिरवं लुगडं उठून उभं राहिलं होतं. दोघं समोरासमोर, मधे दोन हातांचं अंतर. मग शेठ दोन पावलं सामोरे गेले आणि नात म्हातारीच्या ओंजळीत ठेवली.

कंडक्टरनं घंटी मारली. "शेठ, चला! तिकीट यवतमाळचं हाय तुमचं! मरन ते!"

शेठनी मागे न पाहता हात हलवला. जा म्हणून.

पुढच्या नोकरीत मी खूप माणसांना विचारलं, कुठं चालला होतास? सगळ्यांनी पटकन उत्तरं दिली, आणि बहुतेकांकडे त्याच गावाची तिकिटं होती. ती मी जप्तही केली. पण त्या दिवसापासून मी दुसरा प्रश्न विचारायला शिकलो: उतरलास कुठं? तिकीट माणूस चारचौघांत मोठ्यानं मागतो. उतरतो तो मात्र जिथं त्याचं मन असतं तिथं, आणि तिथं उतरायला तो अख्खं तिकीट मरू देतो.